ट्यूलिप : वास नाही, आयुष्य आठवड्याचं, तरी एवढं वेड का?

ओवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

निमित्त अगदी साधं आहे. गेल्या आठवड्यात मला ट्यूलिपचा गुच्छ मिळाला. दहा फुलं, सगळी पिवळी. आली तेव्हा कळ्या अंड्यासारख्या मिटलेल्या आणि देठ प्रार्थनेला उभे केल्यासारखे सरळ. फुलदाणीत ठेवली आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळ्यांनी माना खिडकीकडे वळवलेल्या. दुपारी ऊन आलं तशी बशीसारखी पसरली, संध्याकाळी पुन्हा गपगार मिटली. त्यातून ती उंच होताहेत असं वाटायला लागलं. भास असेल म्हणून रात्री मागच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. सकाळी कळी खुणेच्या चांगली बोटभर वर!

तोडलेलं फूल वाढतं कसं?

मग नाद लागला आणि सतराव्या शतकातली डच फुलांची चित्रं बघत बसले. त्यातल्या ट्यूलिपांवर पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीतून लालजांभळ्या ज्वाळा वर चढलेल्या असतात, कोणी पिसाने ओढल्यासारख्या. माझ्या गुच्छातली फुलं म्हणजे त्यांच्यापुढे प्लॅस्टिकचे कप. ती ज्वाळांची फुलं गेली कुठे? आणि मुळात वास नसलेल्या, आठवड्यात माना टाकणाऱ्या या फुलापायी माणसं घरदार विकायला निघाली म्हणतात, ते काय प्रकरण होतं?

जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनीही लिहावं, मीही त्यातलीच.

रानवारा

मला ट्यूलिप म्हटलं की फक्त ते हिंदी सिनेमातलं गाणं आठवतं, ज्यात हिरो-हिरॉईन रंगीत पट्ट्यांच्या शेतातून हिंडतात. त्यापलीकडे पाटी कोरी. पहिल्या रांगेत बसलोय.

कंदमूळ

ओवीताई, भास नाही. ट्यूलिपचा देठ तोडल्यावरही वाढत राहतो. फुलाच्या खालच्या भागातल्या पेशी लांब होत जातात, आणि प्रकाशाच्या उलट बाजूच्या जास्त लांबतात म्हणून मान उजेडाकडे वळते. गुच्छात इतर फुलं मिसळली की चार दिवसांत ट्यूलिप सगळ्यांच्या डोक्यावरून डोकावायला लागतात ते यामुळेच. उघडमीट होते ती मुख्यतः तापमानामुळे. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू जास्त वाढते आणि फूल उघडतं, गारठा आला की बाहेरची बाजू वाढते आणि मिटतं. म्हणजे दर उघडमिटीला पाकळी थोडी थोडी मोठी होत असते. शेवटच्या दिवशीचं फूल पहिल्या दिवशीपेक्षा खरंच मोठं असतं.

आता ज्वाळा. याचं उत्तर ऐकून जरा वाईट वाटेल. तो आजार होता.

एक विषाणू आहे, तो मावा पसरवतो. हाच तो मावा, कोवळ्या शेंड्यांवर चिकटून बसणारा. विषाणू शिरला की पाकळीतलं लालजांभळं रंगद्रव्य सगळीकडे सारखं तयार होत नाही. जिथे होत नाही तिथे खालचा पांढरा किंवा पिवळा रंग दिसतो, जिथे साचतं तिथे ज्वाळ उठते. मूळचा साधा एकरंगी ट्यूलिप एका वर्षी अचानक असा 'फुटायचा'. कोणता कंद फुटेल, कधी फुटेल, कसा फुटेल, कोणालाच सांगता यायचं नाही. बागवानांनी काय काय करून पाहिलं! लाल फुलाचा अर्धा कंद आणि पांढऱ्याचा अर्धा एकत्र बांधून लावले, वाफ्यात कबुतरांची विष्ठा घातली, जुन्या भिंतींचा गिलावा घातला. एखादा कंद योगायोगाने फुटला की त्या वर्षीच्या उपायाचा डंका.

खरं कारण सापडलं १९२८ साली. इंग्लंडमधल्या डोरोथी केली या संशोधक बाईंनी फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदावर कलम करून दाखवलं की हे संसर्गाने होतं.

आणि यातली खरी गोम पुढे आहे. विषाणू कंदाला अशक्त करतो. निरोगी कंदाला दरवर्षी बाजूने पिल्लं फुटतात, ती मोठी करून फूल वाढवता येतं. आजारी कंदाला पिल्लं कमी आणि बारकी. म्हणजे फूल जितकं देखणं तितकं दुर्मीळ, आणि ते वाढवणं तितकंच कठीण. बी पेरावं तर रोपाला पहिलं फूल यायला पाच ते सात वर्षं, आणि बीतून विषाणू जात नाही, त्यामुळे ज्वाळाही जात नाही.

ट्यूलिपला युरोपात रुजवणारा वनस्पतीशास्त्रज्ञ क्लुसियस, त्याला सोळाव्या शतकातच हे दिसलं होतं. त्याने लिहून ठेवलंय की असा रंग बदललेला ट्यूलिप पुढे बहुधा वाया जातो. जणू मरण्यापूर्वी धन्याच्या डोळ्यांना सुख देऊन त्याचा निरोप घेतो. कारण माहीत नसताना निरीक्षण किती नेमकं!

रानवारा

बाप रे. म्हणजे क्षयरोग्याच्या गालावरची लाली.

बाजारबुणगा

वर घरदार विकण्याचा उल्लेख आलाय, आमचा प्रांत आहे म्हणून लिहितो.

कंद जमिनीतून उपटतात जूनच्या सुमारास आणि पुन्हा लावतात शरद ऋतूत. खरी देवघेव फक्त मधल्या महिन्यांत शक्य. पण १६३६ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये लोक जमिनीत पुरलेल्या कंदांचेच सौदे करायला लागले. माल मातीखाली, पैसे पुढच्या उन्हाळ्यात, हातात फक्त कागद. तो कागद आज याने घेतला, उद्या त्याने, परवा तिसऱ्याने. डच लोक याला 'विंडहांडल' म्हणायचे, म्हणजे वाऱ्याचा व्यापार. आपल्याकडे यासाठी म्हण तयार आहे : बाजारात तुरी...

सौदे व्हायचे खानावळींच्या मागच्या खोल्यांत. दर सौद्यामागे खरेदीदाराने थोडे 'वाईनचे पैसे' द्यायचे, त्यातून सगळ्यांची दारू. अशा हवेत भाव कुठल्या दिशेला जाणार? कंद वजनावर विकायचे. वजनाचं माप 'आस', ग्रॅमच्या साधारण विसाव्या भागाएवढं, सोनाराच्या मापासारखं. म्हणजे जमिनीतला कंद रोज गुपचूप वाढतोय आणि मालक वर बसून श्रीमंत होतोय.

५ फेब्रुवारी १६३७ ला आल्कमार गावात एका मरण पावलेल्या खानावळवाल्याच्या कंदांचा लिलाव झाला, त्याच्या पोरक्या मुलांसाठी. एकूण ९०,००० गिल्डर (तेव्हाचं डच चलन) जमले. 'अड्मिराल फान एंकहाउझेन' जातीच्या एका कंदाला ५,२०० मिळाले. त्या वेळी कुशल कारागिराची वर्षाची कमाई सुमारे ३०० गिल्डर होती, यावरून काय ते समजा. गंमत म्हणजे आल्कमारला हा विक्रम होत होता तेव्हा हार्लेममध्ये बाजार दोन दिवसांपूर्वीच बसला होता. बोली लावायला कोणी पुढे आलं नाही, बातमी फिरली, आणि बघता बघता कागदाला किंमत उरली नाही.

सगळ्यात महाग 'सेम्पर ऑगस्टस'. पांढऱ्यावर गडद लाल ज्वाळा. एका कंदाचा १०,००० गिल्डर भाव बोलला गेला. चित्रकार रेम्ब्रांटने १६३९ साली ॲम्स्टरडॅममध्ये घर घेतलं ते १३,००० ला!

आजही शेअर बाजारात काही अवाच्या सवा चढलं की लोक 'ट्यूलिप झालं' म्हणतात. देश बुडाला होता म्हणे.

जुनी_वही

@बाजारबुणगा, यंत्रणा छान उलगडलीत. शेवटच्या 'म्हणे'ला मात्र हरकत आहे.

देश बुडाला नाही. देश तेव्हा सुवर्णयुगात होता आणि पुढेही राहिला. बुडबुड्याची जी कहाणी आपण ऐकतो ती मुख्यतः चार्ल्स मॅके या स्कॉटिश पत्रकाराने १८४१ मध्ये लिहिली, घटनेनंतर २०० वर्षांनी. त्यात परदेशाहून आलेला खलाशी कांदा समजून सेम्पर ऑगस्टस खातो, वगैरे. लोकांनी कालव्यात जीव दिला, असंही सांगतात. मॅकेचा आधार कुठला? भाव पडल्यावर लगेच निघालेली चोपडी. लोभ्यांची फजिती सांगून चार पैसे कमावणारी आणि वर धर्मोपदेश करणारी.

एक उदाहरण बघा. 'व्हाइसरॉय' जातीच्या एका कंदापायी दोन गाड्या गहू, चार गाड्या राय हे धान्य, चार बैल, आठ डुकरं, बारा मेंढ्या, वर पलंग आणि चांदीचा पेला दिला, अशी यादी सगळीकडे फिरते. मूळ चोपडीत ती यादी 'एका कंदाच्या पैशात एवढं सगळं आलं असतं' हे दाखवायला दिली होती. मॅकेने तो खरा सौदा ठरवला.

इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी तिथल्या नोटरींच्या दप्तरांतून खरे करार शोधले. २००७ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. ३०० गिल्डरहून जास्त रक्कम मोजणारे खरेदीदार त्यांना सापडले ३७. बहुतेक व्यापारी आणि सुखवस्तू कारागीर, एकमेकांचे नातलग, शेजारी. ट्यूलिपपायी कफल्लक झालेलं असं त्यांना जवळपास कोणी सापडलं नाही. कारण सोपं आहे : बहुतेकांनी पैसे दिलेच नव्हते. उन्हाळ्यात द्यायचे होते, आणि उन्हाळ्यात घेणाऱ्यांनी हात वर केले. शेवटी १६३८ मध्ये हार्लेमच्या नगरपरिषदेने ठरवलं की साडेतीन टक्के भरा आणि करारातून मोकळे व्हा.

मोडलं काय, तर विश्वास. शब्दावर व्यवहार करणाऱ्या गावात शेजाऱ्याने शब्द फिरवला, हा खरा घाव होता.

बाजारबुणगा

मान्य, पण निम्मंच. देश बुडाला हे मागे घेतो. पण ३७ जणच सापडले म्हणून वेड नव्हतं असं कसं? खानावळीतले सौदे नोटरीकडे कुठे जात होते? आणि महिन्या-दोन महिन्यांत भाव कित्येक पटींनी चढले हे तुम्हीही नाकारणार नाही.

जुनी_वही

नाही नाकारत. चढले, पडले, माणसं भांडली. फक्त कालव्यात कोणी उडी मारली नाही, एवढंच.

तिरपागडा

नावातच पागडं असल्यामुळे मला लिहिणं भाग आहे. :)

'ट्यूलिप' हा शब्द डोक्यावरच्या फेट्यावरून आलाय. फारसीत 'दुलबंद', तुर्कीत 'तुल्बेंद', त्याचं लॅटिनमध्ये 'तुलिपा'. तुर्क स्वतः मात्र या फुलाला कधीच फेटा म्हणाले नाहीत. त्यांचा शब्द 'लाले', फारसीतही तोच. ऑटोमन सुलतान सुलेमानच्या दरबारी गेलेला, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याचा राजदूत बुसबेक आपल्या पत्रात लिहितो की तुर्क या फुलाला 'तुलिपान' म्हणतात. याचा अर्थ कोणीतरी कोणालातरी सांगत असावं की फूल फेट्यासारखं दिसतं, किंवा फेट्यात खोवतात, आणि साहेबाने तेच नाव समजून टिपून घेतलं. एका गैरसमजावर अख्खं बारसं!

आणखी एक किस्सा, खलाशी-कांद्यासारखा नाही, हा क्लुसियसने स्वतः नोंदवलेला. १५६२ साली अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे इस्तंबूलहून कापडाचे गठ्ठे आले, सोबत हे कंद. त्याला वाटलं कांदेच. काही निखाऱ्यावर भाजून तेल-व्हिनेगर घालून खाल्ले, उरलेले परसात पुरले. त्यातले बरेच मेले, एका दर्दी माणसाने थोडे वाचवले म्हणून निभावलं.

मांजरपाट

सगळी चर्चा हॉलंडभोवतीच चाललीय! ट्यूलिप मूळचा मध्य आशियातला. तियानशान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर आजही रानटी जाती फुलतात. बुटक्या, टोकदार पाकळ्यांच्या, खडकांतून डोकं काढणाऱ्या. कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा या दोन्हींतून तग धरायचा तर वर्षातले बरेच महिने जमिनीखाली दडी मारून बसण्याशिवाय इलाज नाही. कंद त्यासाठीच.

बाबराने काबूलजवळच्या टेकड्यांवर किती प्रकारचे ट्यूलिप आहेत ते मोजायला लावलं होतं. ३२ की ३३ निघाले, असं तो बाबरनाम्यात लिहितो, आणि एकाला थोडा गुलाबासारखा वास येतो हेही. माणूस लढाया करत फिरतोय आणि मध्येच फुलं मोजतोय! त्याचा पणतू जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला तेव्हा मातीच्या छपरांवर फुललेले ट्यूलिप पाहून हरखला. त्याच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने काढलेलं लाल ट्यूलिपचं चित्र आजही टिकून आहे. तेव्हा हॉलंडमध्ये भाव नुकते चढायला लागले होते.

ऑटोमन तुर्कांचं प्रेम वेगळ्याच जातीचं. त्यांना डच लोकांसारखा भरदार पेला नको होता. पाकळ्या सुईसारख्या निमुळत्या, सहाही सारख्या लांबीच्या, टोकं खंजिरासारखी. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीतल्या इझनिक (इझनिक गावच्या रंगीत, चकचकीत) फरशा बघा. सोळाव्या शतकाच्या मध्यातल्या आहेत. निळ्या-पांढऱ्यात तो विटकरी लाल आणि त्यात ट्यूलिपच ट्यूलिप, एका भिंतीवरचा दुसरीवर नाही.

मग १७१८ ते १७३०. सुलतान तिसरा अहमद आणि त्याचा वजीर इब्राहिम पाशा. ट्यूलिपच्या रात्री भरायच्या, वाफ्यांमधून पाठीवर मेणबत्ती लावलेली कासवं सोडायची. कंदांचे भाव इतके चढले की सरकारने दरपत्रक काढलं, त्याहून जास्त घ्यायचं नाही. शेवट : १७३० च्या सप्टेंबरमध्ये पत्रोना खलीलचं बंड, वजिराचा गळा आवळला, सुलतान पायउतार.

या काळाला 'लाले देवरी', ट्यूलिप-युग, हे नाव मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळालं. जुनी_वही यांचा मुद्दा इथेही लागू होतो. फूल राहतं बाजूला, नंतरचे लोक त्याच्या गळ्यात 'चैनीचं फळ' अशी पाटी अडकवतात.

ती खंजिरी फुलं आज नाहीत. जाती नामशेष झाल्या, चित्रं उरली.

मतला

मांजरपाट, दंडवत! 'लाले'ची थोडी पुरवणी जोडतो.

अरबी-फारसी लिपीत 'लाले' लिहायला लागतात लाम, अलिफ, लाम, हे. 'अल्लाह' लिहायला अलिफ, लाम, लाम, हे. तीच अक्षरं, क्रम वेगळा. 'हिलाल', म्हणजे चंद्रकोर, यातही तीच. अबजद पद्धतीने प्रत्येक अक्षराला आकडा असतो : लाम ३०, अलिफ १, हे ५. बेरीज तिन्हींची ६६. आता मशिदीच्या भिंतीवर ट्यूलिप का, हे वेगळं सांगायला नको. नुसतं सुंदर म्हणून नाही, ते एक झाकलेलं नामस्मरण आहे.

दुसरं, फुलाच्या तळाशी काळा डाग असतो ना? फारसी कवींनी तो कधीच सोडला नाही. लाल पाकळी म्हणजे पेटलेलं काळीज आणि काळा डाग म्हणजे त्यावरचा चटका, 'दाग'. उर्दू गझलेत 'लाला' येतं तेही हेच. (फारसीत लाले म्हणजे रानातलं कुठलंही लाल पेल्यासारखं फूल असू शकतं, खसखशीचंही. कवीला वनस्पतीशास्त्राचं सोयरसुतक नसतं.) फारसी प्रेमकथेतला फरहाद आपल्या प्रेयसीच्या, शिरीनच्या मृत्यूची खोटी बातमी ऐकून जीव देतो आणि त्याच्या रक्तातून लाले उगवतात, अशी कथा आहे. तिथून ते हुतात्म्यांचं फूल झालं. इराणच्या १९८० पासूनच्या झेंड्यावरचं लाल चिन्ह नीट पाहा, 'अल्लाह' शब्द ट्यूलिपच्या आकारात लिहिलाय.

चिमणचारा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एवढा सुंदर धागा बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता.

प्रतीकावरून थोडं घरचं. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. माहितीपत्रकांवर दर वेळी एक लाल ट्यूलिप छापलेला असायचा, मला वाटायचं असंच शोभेला असेल. नंतर कळलं की एका डच बागवानाला हाच आजार होता. त्याने १९८० साली पांढऱ्या किनारीचा लाल ट्यूलिप तयार केला आणि त्याला डॉ. जेम्स पार्किन्सन यांचं नाव दिलं. २००५ पासून लाल ट्यूलिप हे त्या आजाराचं चिन्ह झालं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कंद लावायला हात थोडा थरथरला तर बिघडत नाही." एवढंच बोलले.

कंदमूळ

@चिमणचारा, बाबांना सांगा, अजिबात बिघडत नाही. टोक वर राहिलं की झालं, आणि तिरकं पडलं तरी कोंब वाट काढतो.

पवनचक्की

मी लाइडन आणि हार्लेमच्या मधल्या कंदपट्ट्यात राहते. एप्रिलमध्ये इथे जगभरातून लोक येतात. कॉयकेनहोफ बाग ३२ हेक्टर, दरवर्षी सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात, आणि उघडी असते जेमतेम आठ आठवडे. नावाचा अर्थ 'स्वयंपाकघरामागची बाग'!

पण बाग ही बाग. शेतं निराळी. रानवारा यांच्या त्या गाण्यातल्या पट्ट्या फुलांसाठी लावलेल्याच नसतात. तो धंदा कंदांचा. फूल पूर्ण उमललं, जात बरोबर आहे याची खात्री झाली, की यंत्र फिरतं आणि सगळी मुंडकी उडवतं. फुलाने बी धरलं तर ताकद तिकडे जाईल, मुंडकं उडवलं की सगळी खाली कंदात उतरते. पहिल्या वर्षी मी कॅमेरा घेऊन धावत गेले तर हिरवे देठ उभे आणि सरींमध्ये लाल पाकळ्यांचा चिखल. पर्यटक रडकुंडीला आलेले, शेतकरी खूश.

आता कंदमूळ यांच्या विषाणूकडे येते. त्या दिवसांत शेतातून काही माणसं सरीसरीने वाकून चालताना दिसतात. त्यांना 'झीकझूकर' म्हणतात, आजार शोधणारे. नजर पानावर आणि पाकळीवर. कुठे रेघ दिसली, रंग फुटलेला दिसला, की ते रोप कंदासकट उपटून टाकायचं. मी एकदा बांधावर पडलेलं असं फूल उचललं होतं. पांढऱ्यावर जांभळी पिसं. जवळून पाहिलं तर ज्वाळा कडेला गडद आणि मधल्या शिरेकडे विरत गेलेल्या, सहाही पाकळ्यांवर वेगवेगळ्या, एकही दुसरीसारखी नाही. ज्याच्यासाठी कधीकाळी घराच्या किमतीची बोली लागली ते आता कचऱ्याच्या ढिगात. उपटणाऱ्या माणसाने माझ्याकडे पाहून मान हलवली, 'नको, हात धू' असं खुणावलं.

ओवी

पवनचक्की, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले.

म्हणजे आज ती फुलं कुठेच मिळत नाहीत?

कंदमूळ

बाजारात 'रेम्ब्रांट' नावाने पट्टेवाले ट्यूलिप मिळतात, ते निरोगी असतात. पट्टे अनुवांशिक, दरवर्षी जवळपास तसेच. सुंदर आहेत, पण छापील साडीसारखे.

खरे फुटलेले ट्यूलिप मोजक्या ठिकाणी जपले आहेत. हॉलंडमध्ये लिमेन गावी 'होर्टुस बुल्बोरम' म्हणून जुन्या जातींचा संग्रह आहे. 'झोमरस्कोन' नावाची १६२० ची जात अजून जिवंत आहे, म्हणजे तिने तो सगळा बाजार पाहिलाय. इंग्लंडमध्ये वेकफील्डला १८३६ साली स्थापन झालेली ट्यूलिपप्रेमींची मंडळी आहे, ते दरवर्षी ज्वाळांच्या फुलांचं प्रदर्शन भरवतात. फुलं ठेवतात कशात? बिअरच्या तपकिरी बाटल्यांत! एक बाटली, एक फूल. परंपरेने कामगारांचा छंद.

सेम्पर ऑगस्टस मात्र गेला. जलरंगांतली चित्रं तेवढी राहिली.

माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) वेडाचं मूळ इथेच आहे. गुलाब लावला तर कोणता गुलाब येणार हे ठाऊक असतं. फुटलेला ट्यूलिप मागून मिळत नव्हता, आणि मिळाला तरी टिकवता येत नव्हता. वास असता तर उलट इतकी किंमत चढली नसती असं मला वाटतं. सगळा जीव डोळ्यांत. (आणि हो, सगळेच बिनवासाचे नसतात. 'बॅलेरिना' नावाची केशरी जात हुंगून पाहा.)

मांजरपाट

कंदमूळ, शेवटचं पटत नाही. तुर्कांना रेघा-ज्वाळा नकोच होत्या, त्यांना एकरंगी आणि रेखीव हवं होतं. वेड त्यांनाही लागलं. तुमचं उत्तर हॉलंडपुरतं.

कंदमूळ

हे खरं आहे. मग माझ्याकडे उत्तर नाही.

जुनी_वही

युद्धातली एक आठवण राहिली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपलं. २०,००० हून अधिक माणसं मेली. तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. ते कसे शिजवायचे याच्या पाककृती सरकारीरीत्या वाटल्या गेल्या : साल काढा, कंद उभा चिरा, मधला पिवळा कोंब काढून टाका कारण तो बाधतो, मग उकडा. अँटवर्पच्या व्यापाऱ्याची गोष्ट वाचून हसलो, म्हणून हेही लिहून ठेवतो.

त्याच युद्धात डच राजकन्या युलियाना कॅनडात आश्रयाला होती. तिची मुलगी १९४३ मध्ये ओटावात जन्मली. बाळाला फक्त डच नागरिकत्व राहावं म्हणून कॅनडाने बाळंतपणाची ती खोली कॅनडाच्या अधिकारक्षेत्राबाहेरची ठरवली होती. युद्ध संपल्यावर हॉलंडने आभार म्हणून एक लाख कंद पाठवले. अजून दरवर्षी जातात.

रानवारा

एवढं वाचून आता लावावेसे वाटतायत. आमच्याकडे थंडी नावापुरती. काही आशा?

कंदमूळ

आशा आहे, पण एका मोसमाची. ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १४ आठवडे ९ अंशांखाली गारठा लागतो, त्याशिवाय देठ लांबत नाही, फूल पानांतच गुदमरतं. थंडी नसेल तर कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. सफरचंदं त्याच फ्रीजमध्ये नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने आतली कळी मरते. मग कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा, पाणी साचू देऊ नका. फूल आल्यावर मूळ कंद संपतो, पिल्लं राहतात, पण उष्ण हवेत ती पोसत नाहीत. पुढच्या वर्षी नवे कंद. हाताळताना हातमोजे घाला, कंदातल्या रसाने बोटांना खाज सुटते आणि कातडी फाटते. कंद-कामगारांत त्याला 'ट्यूलिप बोटं' असं नावच आहे.

एक कंद जास्तीचा आणा आणि लावायच्या आधी धारदार सुरीने उभा कापा. कांद्यासारखे पांढरे थर, आणि मधोमध, इवलंसं, पूर्ण फूल तयार असतं. फिकट हिरवट पाकळ्या, सहा पुंकेसर, भिंगातून मोजता येतात. बाहेर अजून थंडीही पडलेली नसते.

ओवी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या गुच्छाची ताजी खबर : आज सकाळी दहापैकी सात फुलांच्या पाकळ्या टेबलावर. गळताना एकेक नाही गळल्या, हात लावला तशा सहाच्या सहा एकदम निसटल्या. पाकळी उन्हात धरली तर रेशमासारखी लांब लांब शिरांची, तळाशी थोडी हिरवट. माझ्या पिवळ्या जातीला काळा डाग नाही, मतला यांची क्षमा मागते. देठ अजून उभे आहेत, टोकाला नुसती हिरवी शेंग घेऊन, आणि अजूनही खिडकीकडे वाकताहेत. मुंडकं नाही, पण मान वळतेच आहे. पेन्सिलीची खूण पुसलेली नाही.

रानवारा

कंद आणले. दहा लावायचे, एक कापायचा. कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवलेत, सफरचंदं हद्दपार. पिशवीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे : "हे कांदे नाहीत."